वजाबाकीची मोटार

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



काल इथं ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झालं, उद्या मधुमेहावर आहे. मधल्या दिवशी मी, आणि माझा विषय 'हॉट रॉड'. कार्यवाहांनी फोनवर दोनदा विचारून घेतलं, की हे बादलीत पाणी तापवायच्या रॉडबद्दल तर नाही ना?

नाही. हॉट रॉड म्हणजे जुनी अमेरिकन मोटार, बहुतेक वेळा फोर्ड, घरच्या गॅरेजात कापून, हलकी करून, इंजिन ताकदवान करून पळवलेली. ती नुसती शर्यतीची गाडी नसते. रविवारी शर्यत लावायची आणि सोमवारी तिच्यातूनच कामावर जायचं, असा मूळ बेत.

मी पुण्यात टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर मुलीकडे लॉस एंजेलिसजवळ तीन हिवाळे राहिलो. तिच्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ १९३२ सालची फोर्ड कूप, म्हणजे दोन दारांची बंद मोटार, बांधत होते. पहिल्या दिवशी मी कुंपणावरून बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात ग्राइंडर दिला. आज सांगणार आहे त्यातलं बरंचसं त्या गॅरेजात शिकलेलं आहे.

हा प्रकार दक्षिण कॅलिफोर्नियातच का फोफावला? तिथं पाऊस कमी, त्यामुळे पत्रा गंजत नाही आणि छत नसलेली गाडी बारा महिने चालते. फोर्डने १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून जास्त 'मॉडेल टी' काढल्या होत्या. मंदीच्या दिवसांत त्या भंगारात मातीमोलाने मिळत. आणि लॉस एंजेलिसच्या उत्तरेला वाळवंटात सुकलेली तळी आहेत: मुरॉक, रोझामंड, एल मिराज. तळ मैलोगणती सपाट, चिकणमातीचा, उन्हाने भाजून खणखणीत झालेला. आपल्याकडे उन्हाळ्यात तळं आटलं की पोरं क्रिकेट मांडतात. तिथल्या पोरांनी मोटारी आणल्या. १९३७ मध्ये या टोळ्यांनी मिळून 'सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन' स्थापन केली. तिचं काम एकच, वेग नीट मोजणं आणि नोंदवणं. मला ही गोष्ट फार आवडते. 'आपली गाडी लई पळते' असं कट्ट्यावर म्हणणारे सगळीकडे असतात. इथं घड्याळ लावून बसणारे निघाले.

व्हिक एडेलब्रॉक हा त्यांतलाच. स्वतःचं गॅरेज चालवणारा मेकॅनिक. त्याची १९३२ ची फोर्ड रोडस्टर, म्हणजे उघडी मोटार, ही त्याची रोजचीच गाडी. तळ्यावर तिला घेऊन जायचं, तिथं मडगार्ड सोडवून ठेवायचे, धावून घ्यायचं, पुन्हा सगळं चढवून घरी यायचं. १६ नोव्हेंबर १९४१ ला रोझामंडच्या तळ्यावर ही गाडी ताशी १२१.४२ मैल, म्हणजे १९५ किलोमीटरच्या वर गेली. तीन आठवड्यांनी पर्ल हार्बर झालं आणि यातली बरीच पोरं गणवेशात गेली.

आता मुद्द्यावर येतो. आपण गाडी 'सजवतो' तेव्हा काय करतो? लावतो. बंपरवर बंपर, दिवे, गोंडे, मागे 'आईचा आशीर्वाद'. हॉट रॉडवाला आधी काढतो. मडगार्ड काढले, फूटबोर्ड काढला, बंपर काढला. ताकद तेवढीच ठेवून वजन कमी केलं तर गाडी उचल घेणारच, आणि यासाठी खिशात दमडी असावी लागत नाही. गरिबाला परवडणारी सुधारणा म्हणजे वजाबाकी. पण वजाबाकीत हातचा असतो, तो विसरला की गणित चुकतं. काढलेल्या प्रत्येक गोष्टीमागे कुठे तरी काही तरी द्यावं लागतं. माझं आजचं व्याख्यान या हातच्याबद्दल आहे.

१९३२ च्या फोर्डला हौशी मंडळी 'ड्यूस' म्हणतात, सालातल्या दुरीवरून. हिच्यात फोर्डने ६५ अश्वशक्तीचं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन बसवलं. इतक्या स्वस्त मोटारीत असं इंजिन आधी कुणी दिलं नव्हतं. मॉडेल टीची ताकद होती २०. या इंजिनाला 'फ्लॅटहेड' म्हणतात, कारण वॉल्व्ह डोक्यात नसून ब्लॉकमध्ये आहेत आणि वरचं हेड नुसतं झाकणासारखं. ओतकाम म्हणून मी त्याला हात जोडतो. पण जळालेला वायू बाहेर पडतो तो ब्लॉकच्या आतून, सिलिंडरांना थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या मधून वाट काढत. जी उष्णता बाहेर टाकायची तीच घरभर फिरवून दाराशी आणायची. शिवाय एका बाजूला सिलिंडर चार आणि धुराची तोंडं तीन. मधल्या दोघांना एकच. म्हणून हे इंजिन तापतं. ताकद वाढवली की आणखी तापतं, आणि वॉल्व्हच्या बैठकीपासून सिलिंडरपर्यंत ब्लॉकला तडा जातो. शेजाऱ्यांनी जुने तीन ब्लॉक आणले, तेव्हा कुठे एक शाबूत निघाला.

मग छप्पर. हॉट रॉडचा दबा धरून बसल्यासारखा डौल येतो तो छत खाली आणल्यामुळे. खिडक्यांच्या उंचीतून तीन इंच कापायचे आणि वरचा भाग खाली उतरवून जोडायचा. ऐकायला शिंप्याचं काम वाटतं. पण खिडकीचे खांब आत झुकलेले असतात, म्हणजे घर जसं आढ्याकडे निमुळतं होतं तशी मोटार वर निमुळती. मधला तुकडा काढला की वरचा भाग खालच्यावर बसत नाही, तो आखूड पडतो. मग छतच उभं-आडवं कापून, मध्ये पत्र्याची ठिगळं घालून मोठं करायचं. १९३२ च्या कूपचे खांब बऱ्यापैकी उभे, म्हणून काम हलकं; काचाही सपाट, कुणीही काचवाला कापून देतो. १९४९ च्या मर्क्युरीचं छत सगळीकडून गोलाई घेतलेलं, तिथं भलेभले रडले. ते काम करून दाखवलं सॅम बॅरिसने. त्याचा भाऊ जॉर्ज पुढे जगप्रसिद्ध झाला. पत्र्याचा हात सॅमचा, असं जुने लोक सांगतात. मला ते पटतं, कारण पत्र्याचा हात असलेला माणूस सहसा फार बोलत नाही.

जुन्या फोर्डचं छत मधोमध कापडी असायचं. पूर्ण पोलादी छत फोर्डने दिलं १९३७ मध्ये. त्यामुळे ती मोकळी चौकटही पत्र्याने भरून काढावी लागते. या सगळ्या सांध्यांवर आज आपण लांबी भरतो. त्या काळी शिसं भरत. सत्तर भाग शिसं, तीस भाग कथील. हे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं आणि पूर्ण पातळ व्हायला अडीचशेच्या पुढे जावं लागतं. या दोन आकड्यांच्या मध्ये ते लोण्यासारखं असतं, आणि तेवढ्या वेळात चरबीत बुडवलेल्या लाकडी पट्टीने ते पत्र्यावर फिरवायचं. ज्योत जास्त लागली की सगळं ओघळून चपलेवर. पण त्याआधी पत्रा घासून, त्यावर क्षार लावून कथलाचा पातळ थर चढवावा लागतो. शेजारी मला हे समजावून सांगायला लागले, तेव्हा मी म्हटलं, थांबा, ही तर कल्हई! आमच्या वाड्याबाहेर भाता लावून बसणारा कल्हईवाला नवसागराचा धूर काढत पातेल्यात जे करायचा, तेच हे. त्यांना कल्हई समजावून सांगायला मला अर्धा तास लागला, पण त्या दिवसापासून कथलाचं काम माझ्याकडे आलं. शिशाची भुकटी विषारी असते. म्हणून ते यंत्राने घासायचं नाही, कानशीने किसायचं, तोंडाला मास्क लावायचा आणि जेवणाआधी हात धुवायचे.

आणि ब्रेक. १९३२ च्या फोर्डचे ब्रेक सळ्यांनी ओढले जायचे, सायकलसारखे. तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक फोर्डने १९३९ मध्ये आणले. म्हणून ताकद वाढवणारा शहाणा माणूस आधी १९३९ नंतरच्या फोर्डचे ब्रेक शोधायचा. थोड्या फेरफाराने ते जुन्या गाडीला बसतात. छायाचित्रांत इंजिन दिसतं, रंगवलेल्या ज्वाळा दिसतात. ब्रेक कुणाला दिसत नाहीत. गाडी कुणाच्या हातची आहे हे ओळखायचं असेल, तर खाली वाकून ते बघावेत.

पुढचा इतिहास उरकतो. युद्धानंतर सैनिक घरी आले, हाताला विमानांच्या इंजिनांची सवय लागलेली. बिल बर्क नावाच्या माणसाने तर १९४६ मध्ये लढाऊ विमानाची जादा पेट्रोलची टाकी घेतली आणि तिच्यातच गाडी बसवली. मुरॉकचं तळं लष्कराने घेतलं होतं. तिथं आता एडवर्ड्स हा हवाईदलाचा तळ आहे. पोरं गावच्या रस्त्यांवर शर्यती लावू लागली आणि वर्तमानपत्रांनी त्यांना गुंड ठरवलं. जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसनने 'हॉट रॉड' मासिक काढलं, २५ सेंट किमतीचं. त्याचे संपादक वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये राष्ट्रीय संघटना उभारली आणि शर्यती रस्त्यावरून धावपट्टीवर नेल्या. १९५५ मध्ये शेव्हरोलेने नवं छोटं व्ही-एट आणलं, १६२ अश्वशक्तीचं. शेवटच्या फ्लॅटहेडची ताकद होती ११०. फोर्डच्या पोटात शेव्हरोलेचं इंजिन बसू लागलं, आणि आजही बसतं. कर्मठ लोक नाक मुरडतात. मी मुरडत नाही; भंगारात जे चांगलं मिळेल ते घ्यायचं, हाच तर या छंदाचा मूळ धर्म.

नाक मला मुरडावंसं वाटतं ते दुसऱ्या कारणासाठी. आज १९३२ ची बॉडी नवी कोरी मिळते, फायबरची मिळते, पोलादीही मिळते. चासी मिळते, सगळं कॅटलॉगातून मागवता येतं. काम सुबक होतं, पण खर्च असा की ज्या पोरांनी हे सुरू केलं त्यांना त्यातलं एक दारसुद्धा परवडलं नसतं. कॅटलॉगातून मागवलेल्या गाडीत बेरीजच बेरीज.

इथं कुणी तरी विचारणार, आपल्याकडे हे करता येईल का? रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर नाही. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ : कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. कॅलिफोर्नियात घरी बांधलेल्या गाडीची वेगळी नोंदणी होते, आणि धुराच्या नियमांतून सवलत वर्षाला फक्त ५०० गाड्यांना मिळते. माझं मत विचाराल तर आपला कायदा बरोबर आहे. आपल्या रस्त्यांवर कुणीही चासी कापून आणावी हे मला नको आहे. पण जुनी गाडी मूळ स्वरूपात दुरुस्त करायला कुणाची बंदी नाही, आणि पत्रा, शिसं, कथील, वेल्डिंग तिथंही तेच.

ते मी केलं. वडिलांची पद्मिनी होती, दाराखालचा पत्रा गंजून चाळण झालेला. तीन हिवाळे शिकून आलो होतो, म्हटलं आपण आता तयार. गंजका भाग एका दुपारी कापून काढला आणि नवा पत्रा एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत वेल्ड केला. दोन चुका. कापण्याआधी आत आडवे टेके वेल्ड करायला हवे होते, म्हणजे बॉडी खचली नसती. आणि वेल्डिंग टाक्याटाक्याने करायला हवं होतं, एक इथं, एक तिकडं, मध्ये गार होऊ देत, म्हणजे पत्रा वाकला नसता. शेजाऱ्यांनी कूपचं छत कापण्याआधी आतल्या टेक्यांवर आठवडा घालवला होता. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, म्हातारा वेळकाढू आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या दारात झाकण घातलेली जुनी गाडी असेल आणि या सुटीत तिला हात लावायचा असेल, तर आधी आत टेके मारा, दाराच्या फटी मोजून भिंतीवर लिहून ठेवा, मग कापा. आमच्या पद्मिनीचं डावं दार अजून थोडं उचलूनच लावावं लागतं.