शवविच्छेदन कुणी पाहावं?

२०२४ च्या ऑक्टोबरात हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. एमबीबीएसच्या शंभर जागा आल्या. आनंदच आहे. पण त्या आनंदात एक गोष्ट बोलायची राहून गेली. आपल्या शिरड शहापुरात कुणाला साप चावला, कुणी फवारणीचं औषध घेतलं, की पोलीस पंचनामा करून देह 'पीएम'ला पाठवतात. जिल्ह्याला कॉलेज आलं, म्हणजे उद्या त्या टेबलाभोवती विद्यार्थीही उभे राहणार; शवविच्छेदन पाहणं त्यांच्या अभ्यासक्रमातच आहे. त्यांना तिथं उभं राहू दिलं कुणी?

देहदानाशी याची गल्लत नको. देहदान करणारा हयातीतच फॉर्म भरून ठेवतो. आजार नेमका काय होता हे कळावं म्हणून रुग्णालय शवविच्छेदन करतं, तेव्हाही घरच्यांची संमती लागते. पोलीस केसमध्ये मात्र ती लागत नाही, आणि ते योग्यच आहे. लग्नाला सात वर्षंही न झालेल्या सुनेच्या संशयास्पद मृत्यूत सासरच्यांची परवानगी मागत बसायची का? पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ देह चिरू देतं ते मरणाचं कारण शोधण्यापुरतं. त्यात शिकवणं आपण जोडून घेतलं.

तरीही मी विद्यार्थ्यांच्या बाजूनं आहे. हाच मुलगा उद्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर होईल आणि पीएम त्यालाच करावं लागेल. फास घेतला की गळा आवळला, हे त्याला ओळखता आलं नाही तर निरपराध माणूस आत जाईल, नाहीतर खुनी मोकळा फिरेल. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर मिळणाऱ्या दोन लाखांच्या सरकारी मदतीची फाईलसुद्धा बहुधा त्याच्याच कागदापाशी अडते.

म्हणून ज्याला उद्या हे काम करायचंय, त्यानं पाहावं. कुतूहल म्हणून आलेल्यानं नाही. रेम्ब्राँनं १६३२ मध्ये डॉक्टर टुल्पचं शवविच्छेदन रंगवलं. टेबलावर फाशी दिलेला दरोडेखोर आहे, आणि भोवतीच्या सर्जन मंडळींनी चित्रात दिसण्यासाठी पैसे मोजले होते. आज त्यासाठी पैसे लागत नाहीत, खिशातला मोबाईल पुरतो. तो दाराबाहेरच ठेवायला लावा.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. मुंबईत मृत माणूस विद्यार्थ्याला सहसा अनोळखी असतो. इथं विद्यार्थी औंढ्याचा, मयत वसमतची, आणि मधे कुणाचा तरी मामा. पोटात काय सापडलं, मुलगी गरोदर होती का, हे संध्याकाळच्या आत पारावर पोहोचू शकतं. तेव्हा ओळखीचं माणूस असेल तर विद्यार्थ्यानं स्वतःहून बाहेर यावं, आणि बाहेर बसलेल्या बापाला कुणीतरी आधी सांगावं: "काका, आत शिकणारी पोरं असतील, चालेल ना?"

"नको म्हणाले तर?" असं डॉक्टर विचारतात. नको म्हणाले तर पीएम थांबत नाही. पोरं बाहेर थांबतील आणि पुढची केस पाहतील.