आधी हात, मग पडदा

(विहाराच्या वर्धापनदिनी भरलेल्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



समितीने मला विषय दिला आहे, 'आधुनिक शिक्षण आणि आपली मुले'. विषय मोठा आहे आणि मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडचा निदेशक म्हणून अठ्ठावीस वर्षे नोकरी केली, एवढीच माझी पुंजी. म्हणून मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. आज घराघरांत मोबाईल आलेला आहे. मुलं त्यावर अभ्यास करतात असं आपण अभिमानाने सांगतो. तर नुसतं बघून मूल खरोखर शिकतं का? आणि शिकत नसेल, तर काय केलं म्हणजे शिकेल?

सुरुवात माझ्याच घरापासून करतो. दुसऱ्याच्या घरचं बोलणं सोपं असतं.

माझा नातू सातवीत गेला तेव्हा एका कंपनीचा माणूस घरी आला. फार गोड बोलला. टॅबलेट देऊ म्हणाला, त्यात सगळे विषय चित्रांसकट, मुलाला शिकवणीची गरजच राहणार नाही. मुलगा आणि सूनबाई कामावर गेलेले. मलाच ते पटलं, मीच मुलाच्या मागे लागलो आणि हप्ते सुरू झाले. दर महिन्याला खात्यातून पैसे कापले जायचे. घरात काटकसर व्हायची, पण नातू रोज तास-दीड तास त्या टॅबलेटसमोर बसलेला दिसायचा आणि आम्हाला समाधान वाटायचं.

एके दिवशी मी त्याला विचारलं, "विद्युत परिपथ म्हणजे काय रे?" पोराने व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. पडद्यावर निळे ठिपके तारेतून कसे पळतात तेही सांगितलं. मी खूश झालो. मग माझ्या जुन्या पेटीतून टॉर्चचा एक सेल, टॉर्चचा जुना बारका बल्ब आणि वीतभर वायर काढून त्याच्यापुढे ठेवली. म्हटलं, "लाव बघू दिवा." त्याने वायरचं एक टोक सेलला लावलं, दुसरं बल्बच्या बुडाला लावलं. दिवा लागेना. वायर उलटी केली, सेल उलटा केला. अर्धा तास खटपट केली आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, "आजोबा, व्हिडिओत तर लागला होता!"

बंधू-भगिनींनो, त्या दिवशी माझे डोळे उघडले. व्हिडिओत लागला होता. दुसऱ्या कोणीतरी लावला होता. माझ्या नातवाने तो नुसता पाहिला होता.

हे काही आपल्याच वस्तीतलं दुखणं नाही. अमेरिकेत १९९७ साली 'माइंड्स ऑफ अवर ओन' नावाचा एक माहितीपट झाला. त्यात हार्वर्ड आणि एमआयटी या जगप्रसिद्ध विद्यापीठांतून नुकत्याच पदव्या घेतलेल्या, अंगात पदवीचे झगे घातलेल्या मुलांना हाच प्रश्न विचारला. सेल, बल्ब आणि तार देऊन दिवा लावता येईल का? येईल म्हणाले. पण प्रत्यक्ष हातात दिल्यावर चांगली हुशार मुलंसुद्धा अडखळली. तेव्हा व्याख्या पाठ असणं ही एक गोष्ट आणि समजणं ही वेगळी.

यातली गोम अगदी साधी आहे. बल्बला वीज पोचण्याच्या दोन जागा असतात, एक खालचं टोक आणि दुसरी बाजूची पत्र्याची टोपी. बल्बचं टोक सेलच्या डोक्यावर टेकवायचं आणि सेलच्या बुडापासून निघालेली वायर त्या टोपीला लावायची, की दिवा लागतो. वाट पूर्ण झाली की वीज चालते. हे चित्रात दिसतं, पण डोळा त्यावरून घसरून जातो. बोटांनी चार वेळा चुकल्यावर मात्र ते जन्मात विसरत नाही. आपण वंदनेत रोज 'एहिपस्सिको' म्हणतो. या आणि पाहा, स्वतः पडताळून घ्या. मुलाच्या अभ्यासालाही तेच लागू आहे.

आता थोडं कडू बोलतो, राग मानू नये. आपल्या देशात हात आणि विद्या यांची फारकत झाली ती उगाच झाली नाही. ज्यांचे हात राबले त्यांच्या हाती पाटी येऊ दिली नाही, आणि ज्यांच्याकडे पाटी होती त्यांनी हाताला काम लागू दिलं नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं. त्यात खेड्यातल्या मुलांना लेखन-वाचन आणि हिशेबाबरोबर शेतीचं आणि आरोग्याचंही ज्ञान द्यावं असं सांगितलं. मुलांना प्रत्यक्ष धडे मिळावेत म्हणून नमुन्याची लहान शेतं असावीत, हेही त्यात होतं. किती पुढचा विचार होता पाहा!

आमच्या वडीलधाऱ्यांनी हाताने पडेल ते काम केलं. त्यामुळे आपल्या मुलाने टेबल-खुर्चीवर बसावं असं आपल्याला वाटतं, आणि ते योग्यच आहे. पण त्यातून मुलाला हाताचीच लाज वाटायला लागली तर आपण पुन्हा फसलो. आयटीआयमध्ये मी पाहिलेलं आहे. थिअरीला भरपूर मार्क असलेला मुलगा हातात पक्कड धरायला लाजायचा आणि प्रॅक्टिकलला अडकायचा. डॉक्टरचा हात चालावा लागतो, इंजिनिअरचा चालावा लागतो, शास्त्रज्ञाचाही चालावा लागतो. हात ही कमीपणाची खूण नव्हे. ते शिकण्याचं पहिलं साधन आहे.

हे ओळखून काम केलेली माणसं आपल्याच देशात आहेत. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली खेड्यातल्या शाळांमधून एक विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. मुलांनी स्वतः प्रयोग करून शिकायचं, असा तो कार्यक्रम. २००२ पर्यंत, म्हणजे तीस वर्षे तो चालला. पुण्याच्या टेल्कोत नोकरी करणारे, आयआयटी कानपूरला शिकलेले अरविंद गुप्ता हे इंजिनिअर १९७८ मध्ये रजा काढून तिथे गेले. आठवडी बाजारात सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी दिसली. तिचे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्यांनी भूमितीचे आकार तयार केले. पुढे टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची शेकडो खेळणी केली. पुण्याच्या आयुकातील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्या पुणे जिल्ह्यातच पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. खेड्यातली, शाळेत न रमलेली मुलं तिथे वेल्डिंग, सुतारकाम, वीज, शेती करता करता शिकली. त्याच पाबळमध्ये २००२ साली एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब उभी राहिली. तिथे संगणकावर आकृती काढायची आणि यंत्राकडून ती वस्तू कापून घ्यायची. म्हणजे हात आणि संगणक यांचं काही भांडण नाही, हे लक्षात घ्या.

मीही मोबाईलच्या विरुद्ध नाही. उलट पुढची हकिकत ऐका.

दिवा लागल्यावर नातवाची भीड चेपली. अरविंद गुप्तांनी आपली पुस्तकं आणि खेळणी करण्याच्या फिल्म त्यांच्या वेबसाईटवर फुकट ठेवलेल्या आहेत. त्यात मराठीतलंही पुष्कळ आहे. तिथे नातवाने एका सेलवर चालणारी मोटर पाहिली. सेलच्या दोन्ही टोकांना दोन सेफ्टी पिना, त्या धरून ठेवायला सायकलच्या ट्यूबचं रबर, सेलवर एक चुंबक आणि पिनांच्या भोकांत ठेवलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं. वाइंडिंगच्या दुकानातून मी तार आणून दिली. त्याने मोटर केली. ती फिरेना. नुसती डुगडुगायची आणि थांबायची.

मला कारण माहीत होतं, पण मी तोंड मिटून बसलो. हे फार अवघड असतं बरं का! पोराने तो व्हिडिओ पुन्हा लावला. थांबवून, मागे नेऊन चार वेळा पाहिला आणि एकदम ओरडला, "आजोबा, मी जास्त खरवडलं!" त्या तारेवर वार्निशचा थर असतो. वेटोळ्याच्या एका टोकाचा थर पूर्ण काढायचा, दुसऱ्या टोकाचा मात्र अर्ध्याच बाजूचा. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर वीज सतत वाहते. मग अर्ध्या फेरीत चुंबक वेटोळ्याला पुढे ढकलतो आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत मागे खेचतो. अर्धा थर ठेवला की त्या अर्ध्या फेरीत वीज बंद पडते आणि वेटोळं आपल्या वेगाने पुढे निघून जातं. दुसऱ्या तारेने केलेली मोटर भिंगरीसारखी फिरली. अख्खी गल्ली बघायला आली.

आता बघा, पडदा तोच आणि पोरगाही तोच. आधी तो नुसता बघत होता तेव्हा काही हाती लागलं नाही. हात अडला, प्रश्न पडला आणि मग त्याने पाहिलं, तेव्हा त्याच पडद्याने त्याला शिकवलं. मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. आधी हात, मग पडदा, आणि पुन्हा हात.

आणि यासाठी हप्ते भरायची गरज नाही. बालभारतीची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. २०१७ साली केंद्र सरकारने दीक्षा हे व्यासपीठ सुरू केलं. पाठ्यपुस्तकातल्या त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनावर, म्हणजे क्यूआर कोडवर मोबाईल धरला की धड्याचं साहित्य उघडतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल पारितोषिक मिळालेले शास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली 'फेट' नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात मूल पडद्यावर तारा जोडून, दिवे लावून, चूक करून पाहू शकतं. तो मराठीतही आहे आणि फुकट आहे. जे घरात करणं धोक्याचं किंवा अशक्य, उदाहरणार्थ अणूच्या आत डोकावणं, तिथे पडदाच कामाचा. जे हाताने करता येतं ते मात्र हातानेच करावं.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला खाली बसवणार नाही. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, शाळा बंद झाल्या आणि शिकवणं मोबाईलवर आलं. आपल्या शेजारच्या गल्लीत एका घरात तीन मुलं आणि एक फोन. तो फोनही बापाच्या खिशात, बाप कामावर. संध्याकाळी फोन घरी यायचा, पहिला नंबर मोठ्या मुलाचा, मग धाकट्याचा. मुलगी मधली. तिला भांडी घासून झाल्यावर फोन मिळायचा तेव्हा डेटा संपलेला असायचा. ती मुलगी वर्षभर काही बोलली नाही, फक्त मागे पडत गेली. घर तिचं होतं, पण वस्ती आपली होती. आपणा कोणाच्या ते लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. नव्या साधनाने जुनी विषमता आपोआप जात नाही. फोन कोणाच्या हातात आधी पडतो, हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

म्हणून समितीला माझी एक नम्र सूचना आहे. दर रविवारी सकाळी दोन तास हे सभागृह मुलांसाठी उघडावं. एक लाकडी पेटी ठेवावी. तिच्यात पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, कात्री, चुंबक, सेल, वायर, बारके एलईडी, सुतळी, सायकलच्या जुन्या ट्यूबा असाव्यात. पेटी मी देतो, अवजारंही माझीच. आपल्यापैकी कोणीतरी एक जुना पण चालू मोबाईल द्यावा. त्यात व्हिडिओ आणि पुस्तकं आधीच उतरवून ठेवू, म्हणजे ज्याच्याकडे डेटा नाही त्याचं अडणार नाही. आणि पेटी उघडली की पहिली अवजारं मुलींच्या हातात, हा नियम पहिल्या दिवसापासून.

वायरमन म्हणून दोन सक्त सूचना. मुलांचे प्रयोग फक्त सेलवर होतील. भिंतीतल्या प्लगमध्ये २३० व्होल्ट असतात, तिथे खेळ नाही. आणि घड्याळाचे चपटे बटन सेल लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. पोटात गेले तर जिवावर बेततं.

आपल्या वस्तीत गवंडी आहेत, सुतार आहेत, शिवणकाम करणाऱ्या भगिनी आहेत, रिक्षा दुरुस्त करणारे भाऊ आहेत. महिन्यातून एक रविवार त्यांनी यावं. गवंड्याचा ओळंबा म्हणजे गुरुत्वाकर्षण आणि ब्लाउजचं कटिंग म्हणजे भूमिती. मुलांना कळू द्या की आपले आई-वडील अडाणी नाहीत, त्यांच्या हातांत विद्या आहे, फक्त तिला कोणी पुस्तकात जागा दिली नव्हती.

त्या टॅबलेटचे हप्ते फिटले. तो आता कपाटावर धूळ खात पडला आहे. ती मोटर मात्र नातवाने जपून ठेवली आहे. आज मी ती सोबत आणली आहे. कार्यक्रम संपल्यावर मुलांनी पुढे यावं, हात लावून बघावं. मोडली तर मोडली, पुन्हा करता येते.