ट्रॅक्टरचा एअर क्लीनर : निवड आणि निगा

(मारेगाव येथे ट्रॅक्टरधारक शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ट्रॅक्टरवर बोलायला उभे राहिले की अलीकडे एक प्रश्न हमखास येतो, आणि तो बहुधा घरातली तरुण मुले विचारतात. शर्यतीच्या मोटारीला उघडा फिल्टर बसवला की तिची ताकद वाढते, मग आपल्या ट्रॅक्टरचा तेलाचा जड एअर क्लीनर काढून तसेच काही का बसवू नये? काही ठिकाणी तर क्लीनर काढून नुसत्या पाइपवर ट्रॅक्टर चालवलेला पाहायला मिळतो. आवाज मोठा येतो, त्यामुळे ओढ वाढल्यासारखी वाटते. प्रश्न रास्त आहे, म्हणून आज सुरुवात त्यापासूनच करू.

शर्यतीची मोटार बहुधा पेट्रोलवर चालते. चालक पायाने पॅडल दाबतो तेव्हा हवेच्या वाटेतील झडप उघडते आणि जेवढी हवा आत येते त्या प्रमाणात पेट्रोल सोडले जाते. एक किलो पेट्रोल जळायला सुमारे १५ किलो हवा लागते. म्हणजे तेथे हवा वाढली की पेट्रोल वाढते आणि ताकदही वाढते. म्हणूनच या मोटारींचे कारागीर हवेची वाट मोठी करतात, वळणे कमी करतात, आणि बॉनेटखालची तापलेली हवा न घेता बाहेरची गार हवा घेतात. यात तथ्य आहे. २० अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे ८ टक्क्यांनी विरळ असते.

आपले डिझेल इंजिन वेगळ्या रीतीने चालते. नेहमीच्या ट्रॅक्टरच्या इंजिनात हवा मोजून घेतली जात नाही, डिझेल मोजून सोडले जाते, आणि ते काम पंपावरचा गव्हर्नर करतो. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला किमान १० हजार लिटर हवा लागते, पण चांगल्या स्थितीतील इंजिन त्याहून बरीच जास्त हवा घेत असते. हवा आधीच गरजेपेक्षा अधिक आहे, तेथे आणखी थोडी वाढवून ओढ वाढत नाही.

शिवाय फिल्टरमुळे अडते तरी किती? वातावरणाचा दाब म्हणजे सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा दाब. स्वच्छ फिल्टरचा अडथळा त्यातला साधारण २० ते ३० सेंटिमीटर, म्हणजे दोन-तीन टक्के. एअर क्लीनर काढून जास्तीत जास्त मिळवायचे ते एवढेच, आणि तेही डिझेल इंजिनाला फारसे उपयोगी नाही. फिल्टर पूर्ण तुंबला, अडथळा ६० सेंटिमीटरच्या पुढे गेला, तर मात्र हवा कमी पडून काळा धूर येतो आणि डिझेल वाया जाते.

आता धुळीकडे पाहू. २,५०० सी.सी.चे इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांवर चालले तर ते तासाला सव्वा लाख लिटरच्या आसपास, म्हणजे सुमारे १२५ घनमीटर हवा ओढते. समोरचे दिसू नये इतके धुळीचे दाट लोट असतील तर एका घनमीटर हवेत जवळपास एक ग्रॅम धूळ असते. मे महिन्यात वाळलेल्या काळ्या रानात रोटाव्हेटर चालवताना, ऑक्टोबरात सोयाबीनच्या मळणीयंत्राजवळ, पऱ्हाटीचा चुरा करणारे यंत्र चालवताना किंवा वणीकडच्या रस्त्यावर कोळशाच्या गाड्यांमागे ट्रॉली नेताना असे लोट आपण अंगावर घेतोच. आठ तास अशा धुळीत काम झाले तर सुमारे एक किलो धूळ इंजिनाच्या तोंडाशी येते. चांगल्या स्थितीतला तेलाचा क्लीनर साधारण ९५ ते ९८ टक्के धूळ अडवतो, कोरडा कागदी फिल्टर ९९ टक्क्यांहून जास्त. क्लीनर नसेल तर सगळीच आत जाते.

ही धूळ आत जाऊन करते काय? मातीत गारगोटीचे बारीक कण असतात आणि ते ओतीव लोखंडालाही ओरखडतात. रिंग आणि लायनर यांच्यामध्ये तेलाचा जो थर असतो तो केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ. त्यात अडकून सर्वात जास्त झीज करतात ते डोळ्यांना न दिसणारे बारीक कण. ओंजळीत घेतल्यावर टोचणारी वाळू क्लीनर सहज अडवतो, खरी काळजी करायची ती पिठासारख्या धुळीची. तेलात मिसळून ही धूळ बेअरिंगपर्यंत जाते. टर्बोचार्जर असलेल्या ट्रॅक्टरमध्ये तर मिनिटाला लाखभर फेऱ्या घेणाऱ्या चाकाच्या पात्यांवर ती आपटत राहते.

शर्यतीच्या मोटारीचे इंजिन थोड्या शर्यतींनंतर उघडून पुन्हा जुळवले जाते आणि तिची वाट डांबरी, स्वच्छ असते. आपल्याला तेच इंजिन हजारो तास चालवायचे आहे. वाळूत धावणाऱ्या डाकार शर्यतीतल्या गाड्यांना मात्र चांगले फिल्टर लावावेच लागतात. धुळीत उतरले की शर्यतवाल्यांचेही गणित आपल्यासारखेच होते.

तेलाचा क्लीनर कसा काम करतो ते समजून घ्यावे, म्हणजे निगा आपोआप समजेल. हवा मधल्या नळीतून खाली येते, वाटीतल्या तेलावर आदळते आणि एकदम वर वळते. जड धूळकण वळू शकत नाहीत, ते तेलात राहतात. तेलाचे तुषार वरच्या तारेच्या जाळीला लागतात, तेथे उरलेली धूळ चिकटते आणि तेलाबरोबर खाली उतरते. वाटीत तेल खुणेपर्यंतच भरावे. कमी असेल तर धूळ धुतली जात नाही. जास्त असेल तर तेल इंजिनात ओढले जाते आणि इंजिन तेच तेल जाळून बेफाम धावू लागते. मग डिझेल बंद करूनही ते थांबत नाही. अशा वेळी हवेचे तोंड सपाट फळीने बंद करावे, हात किंवा कापड लावू नये. तेल इंजिनात वापरतो त्याच प्रतीचे घालावे. इंजिनातून काढलेले जळके तेल वाटीत ओतण्याची सवय आपल्याकडे फार आहे. त्यातली काजळी जाळीत बसते, तेव्हा हे टाळावे. धुळीच्या हंगामात वाटी रोज उघडून पाहावी. तळाशी सेंटिमीटरभर गाळ बसला किंवा तेल घट्ट झाले की वाटी डिझेलने धुऊन नवीन तेल भरावे. वरची जाळी कित्येक वर्षे कोणी धूत नाही. ती काढता येत असेल तर सर्व्हिसिंगच्या वेळी डिझेलने धुऊन नीट निथळू द्यावी. आणि इंजिन तासन् तास मंद चालत ठेवू नये, कारण हवेचा वेग कमी झाला की या क्लीनरची पकडही कमी होते.

कोरड्या फिल्टरच्या बाबतीत उलट चूक होते. येथे निगा कमी पडत नाही, जास्त होते. रोज संध्याकाळी फिल्टर काढून टायरवर आपटणे आणि पंक्चरच्या दुकानात पूर्ण दाबाने हवा मारणे, हे सर्रास चालते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मीही आपटून झटकायला सांगितले आहे. ते चुकीचे होते. आपटल्याने कडेचा पत्रा वाकतो आणि रबर नीट बसत नाही. जोराच्या हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात. कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर स्वतःही गाळण्याचे काम करत असतो. म्हणून डॅशबोर्डवरचा तुंबल्याचा दिवा लागेल तेव्हाच किंवा पुस्तिकेत दिलेल्या तासांनंतरच फिल्टर काढावा. हवा मारायची तर कमी दाबाने, नळी लांब धरून, आतून बाहेर मारावी. मग आत दिवा धरून पाहावे, कोठे उजेडाचा ठिपका दिसला तर फिल्टर फेकून द्यावा. आतला लहान फिल्टर कधीही साफ करू नये, तो फक्त बदलायचा असतो. खालची रबरी झडप रोज बोटांनी दाबून साठलेली धूळ पाडावी. या झडपेत कुटार अडकून ती उघडी राहिली की तिच्यातूनच धूळ आत शिरते. बाहेरच्या प्री-क्लीनरची जाळीही मळणीच्या दिवसांत दिवसातून दोनदा मोकळी करावी.

आता मुलांच्या त्या उघड्या फिल्टरबद्दल. कॅलिफोर्नियातील के अँड एन कंपनीने प्रसिद्धीस आणलेला हा फिल्टर म्हणजे तेल लावलेले सुती जाळीदार कापड. आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या कापसाला हे ऐकून बरे वाटावे! मोटारीत त्याला जागा आहे, आणि तो धुऊन, पुन्हा तेल लावून बऱ्याच काळ वापरता येतो. पण कागदी फिल्टरच्या तुलनेत हवा मोकळी सोडायची तर बारीक धूळ थोडी जास्त सोडावी लागते. रोटाव्हेटरमागच्या धुळीत हा सौदा परवडणारा नाही. मोटारवाल्यांसाठी एक सांगून ठेवतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये आजच्या धर्तीच्या पेट्रोल गाड्या तपासल्या, तेव्हा तुंबलेल्या फिल्टरमुळे गाडीचा उठाव कमी झाला, पण पेट्रोलच्या खर्चात फारसा फरक आढळला नाही.

उत्तम फिल्टर बसवूनही इंजिन झिजते, त्याचे कारण बहुधा फिल्टरच्या पुढे असते. क्लीनरपासून इंजिनापर्यंतचा रबरी होज उन्हाने तडकतो, क्लिप सैल होते, आणि इंजिन तेथून न गाळलेली हवा ओढते. तपासणी सोपी आहे. इंजिन बंद करून होज काढावा आणि आतून पांढरे स्वच्छ कापड फिरवावे. कापडावर धूळ आली तर गळती आहे. दुसरी रीत अशी, की इंजिन मंद चालू ठेवून हवेचे तोंड सपाट फळीने क्षणभर बंद करावे. इंजिन लगेच गुदमरून बंद पडले तर जोड घट्ट आहेत. चालूच राहिले तर हवा दुसरीकडून येते आहे. तडकलेल्या होजला चिकटपट्टी किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून हंगाम काढू नये. एका होजच्या किमतीपुढे लायनर, पिस्टन, रिंग आणि मजुरी धरून इंजिनाचे काम कितीला पडते, हे ज्यांनी ते केले आहे त्यांनीच शेजाऱ्याला सांगावे.

धूळ आत गेली असेल तर धूर निळसर होतो, तेल कमी होऊ लागते आणि ब्रीदरच्या नळीतून फुसफुस वाढते. असे दिसले तर नवा फिल्टर बसवून झालेली झीज भरून येत नाही, इंजिन मेकॅनिककडून तपासून घ्यावे. काळ्या धुराचे मात्र आधी फिल्टरपासून पाहावे. फिल्टर स्वच्छ असूनही धूर काळाच असेल, तर इंजेक्टर आणि पंप तपासावा.