नव्या गाड्या आणि खारं वारं



पळस्पे सोडलं, कर्नाळ्याची झाडी मागे पडली, खारपाड्याला पाताळगंगा ओलांडली, की मुंबई-गोवा महामार्गावर पुढे हमरापूरचा फाटा येतो. हमरापूर म्हटलं की लोकांना गणपती आठवतात. हमरापूर, जोहे, कळवे ही गावं गणपतीच्या मूर्तींवरच जगतात, त्यामुळे त्यात नवल नाही. मी मात्र आज या फाट्यावरून जाणाऱ्या वेगळ्याच मंडळींबद्दल बोलणार आहे. पावसाळा सरला की शनिवारी-रविवारी उजाडता उजाडता मुंबई-ठाण्याकडून मोटरसायकलींचे जथे कोकणात उतरतात. मागे बॅगा बांधलेल्या, अंगात जाडजूड जाकिटं, गुडघ्यांना कवचं. पेणच्या आसपास पहिला चहा होतो. चहा येईपर्यंत वाद सुरू झालेला असतो, आणि वर्षानुवर्षं वाद तोच आहे: या नव्या लांब पल्ल्याच्या गाड्या टिकतील का?

एका बाजूला जुने बुलेटवाले काका असतात. दुसऱ्या बाजूला चारशे-साडेचारशे सीसीच्या नव्या गाड्या घेतलेली मुलं. मुलगा विचारतो, "काका, खरं सांगा, तुमची बुलेट रस्त्यात किती वेळा बंद पडली?" काका शांतपणे म्हणतात, "पडली ना. पण पडली तिथेच चालू पण झाली."

मला वाटतं, सगळा वाद या उत्तरात आहे. मुलगा विचारतोय गाडी किती वेळा थांबते, आणि काका सांगताहेत थांबल्यावर पुढे काय होतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणून वाद कधी संपत नाही.

जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटला काय काय होतं, हे रस्त्याकडेच्या कुठल्याही मिस्त्रीला ठाऊक असे. पॉइंट घासायचे, प्लग साफ करायचा, कार्ब्युरेटरचं जेट फुंकायचं, क्लचची वायर बदलायची. एक पाना, एक स्क्रू ड्रायव्हर आणि पॉलिश पेपरचा तुकडा यावर माणूस गोव्याला पोचत असे. तेल गळायचं, नट सैल व्हायचे, किक उलटी बसायची. त्याची तक्रार कोणी करत नव्हतं. आणि एक गोष्ट काकांना कोणी सांगत नाही, ती मी सांगतो. आज रस्त्यावर दिसणारी जुनी बुलेट ही जगलेली बुलेट आहे. जिची निगा राखली गेली नाही, ती केव्हाच भंगारात गेली, आणि भंगारातली गाडी चहाच्या टपरीवर येऊन साक्ष देत नाही.

नव्या गाडीचं गणित निराळं आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक दुचाकीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीची झाली. एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले आणि कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. त्याच्या जागी इंधनाचं इंजेक्शन आलं आणि ते चालवणारा छोटा संगणक. रॉयल एनफील्डची पहिली हिमालयन मार्च २०१६ मध्ये आली, ४११ सीसीची, हवेवर थंड होणारी, कार्ब्युरेटरची. पहिल्या वर्षीच्या गाड्यांबद्दल मालकांनी भरपूर कुरकुर केली. २०१७ मध्ये इंजेक्शनवाली आली आणि कुरकुर बरीच कमी झाली. मग नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यात वागातोरला कंपनीच्या मेळाव्यात, म्हणजे याच महामार्गाच्या पार त्या टोकाला, नव्या हिमालयनची किंमत जाहीर झाली. ४५२ सीसी, रेडिएटर, कूलंट, तारेऐवजी विजेच्या इशाऱ्यावर चालणारा थ्रॉटल. पाण्यावर थंड होणारं इंजिन या कंपनीनं पहिल्यांदाच केलं. केटीएमची ३९० ॲडव्हेंचर जानेवारी २०२० मधली. ती, बजाजची डॉमिनार आणि ट्रायम्फची ४०० सीसीची गाडी, तिन्ही बनतात आपल्याच चाकणला, बोरघाट चढून गेलं की पलीकडे.

आता या तारखा जरा मांडून बघा. महिन्या-दोन महिन्यांनी कोकणात आणि एरवी ऑफिसला जाणारा माणूस वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर गाडी चालवतो. लाख किलोमीटर व्हायला त्याला दहा-बारा वर्षं लागतात. २०२३ च्या गाडीचा दीर्घकाळ अजून उजाडायचाच आहे. तरीही टपरीवर दोन्हीकडचे लोक छातीठोकपणे बोलतात. ज्याचे हप्ते चालू आहेत तो आपल्या गाडीला नावं ठेवणार नाही, आणि ज्याची गाडी एकदा कशेडी घाटात बंद पडली तो ते सात जन्म विसरणार नाही.

मग या वादात पुरावा म्हणावं असं काय आहे? कंपन्यांनी परत बोलावलेल्या गाड्यांच्या नोंदी आहेत. मे २०२१ मध्ये रॉयल एनफील्डनं मीटिऑर, क्लासिक आणि बुलेट मिळून २,३६,९६६ गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. कारण एक इग्निशन कॉइल. बाहेरून घेतलेला, हातात मावेल एवढा भाग. इंजिन ठणठणीत, पण कॉइल बिघडली तर गाडी झटके देणार. हे ऐकून पुष्कळांनी कपाळाला हात लावला. मला उलट बरं वाटलं. जुन्या काळात असा बिघाड मालकाच्या नशिबाच्या खात्यात लिहिला जायचा. एप्रिल २०२१ पासून तर केंद्र सरकारचा नियमच आहे की सात वर्षांच्या आतल्या गाडीत सदोष भाग आढळला तर सरकार ती परत बोलवायला लावू शकतं, आणि न बोलावल्यास एक कोटीपर्यंत दंड आहे.

दुसरं उदाहरण आपल्या रायगडकरांनी नीट ऐकावं. २०२० मध्ये याच कंपनीनं ब्रिटन, युरोप आणि दक्षिण कोरियातल्या सुमारे १५,२०० गाड्या परत बोलावल्या. त्यांत इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटीबरोबर हिमालयनही होती. तिकडे हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठानं ब्रेकच्या कॅलिपरमध्ये गंज धरत होता.

आमच्या पेण तालुक्यात रस्त्यावर मीठ टाकावं लागत नाही. धरमतरची खाडी आहे, खारेपाट आहे, मिठागरं आहेत. वारा स्वतःच मीठ घेऊन येतो. वर जून ते सप्टेंबर पाऊस. तिकडच्या थंडीतलं मीठ आणि इकडचा दमट खारा वारा यांत फरक आहे, पण लोखंडाला आणि ॲल्युमिनियमला तो फारसा कळत नाही. म्हणून माझं असं मत झालं आहे की या पट्ट्यात गाडी टिकण्याचा प्रश्न इंजिनाचा नाहीच. नवी इंजिनं चांगली आहेत. खचतात ती इंजिनाभोवतीची बारकी माणसं. वायरिंगच्या जोडात हिरवट गंज धरतो आणि डॅशबोर्डवर दिवा पेटतो. साइड स्टँडच्या सेन्सरवर चिखल बसतो, गाडीला वाटतं स्टँड खाली आहे, आणि गिअर टाकला की इंजिन बंद. आरीची चाकं गंजतात. चेन तर पावसाळ्यात तांबूस व्हायला एक रात्र पुरते.

त्यात भर हा रस्ता. पनवेल ते इंदापूर चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि किती गणपती आले-गेले तरी रखडतच राहिलं. या रस्त्यानं हँडलचे कोनसेट, चाकांची बेअरिंगं, फोर्कची सीलं आणि रिमा किती खाल्ल्या, याचा हिशेब कुठल्याही कंपनीच्या चाचणी मैदानावर निघणार नाही. हमरापूरच्या कारखान्यांतून मूर्ती घेऊन निघालेले टेम्पोवाले याच रस्त्यानं जातात. गाडीचा शॉकअप कसा आहे हे त्यांना विचारावं. सोंड शाबूत पोचली की नाही, यावर त्यांची परीक्षा ठरते.

आता काकांच्या उत्तराकडे येऊ. नवी गाडी कोलाड आणि माणगावच्या मध्ये बंद पडली तर? कंपनीची मदत फोनवर मिळते, हे खरं आहे. पण गाडी उचलून नेणारा टेम्पो मागून निघतो, वडखळच्या कोंडीत अडकतो, आणि तुमचा गुहागरचा बेत तिथेच मोडतो. फाट्यावरच्या मिस्त्रीचा हात अजूनही चांगला चालतो. कोनसेट बदलील, पंक्चर काढील, चेन ताणून देईल. सेन्सर मात्र स्कॅनर लावल्याशिवाय बोलत नाही. काही मिस्त्र्यांनी आता तेही घेतले आहेत. पण दोष सापडला तरी तो भाग हातात लागतो का? नाही तर "पनवेलहून मागवावा लागेल, मंगळवारी या." हा मंगळवार कुठल्याही जाहिरातीत छापलेला नसतो. सर्व्हिस सेंटर किती लांब आणि भाग किती दिवसांत मिळतो, ही चौकशी गाडी घेताना दहातला एखादाच करतो. बाकीचे अश्वशक्ती विचारतात.

पेट्रोलचंही थोडं सांगतो, कारण हल्ली चहापेक्षा त्यावर जास्त उकळतं. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, तेव्हा ॲव्हरेज थोडं उतरणार, त्यात चमत्कार काही नाही. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबरी भाग त्या हिशेबानं बनवलेले आहेत. माझी चिंता वेगळी आहे. इथेनॉल पाणी ओढतं. अर्ध्या टाकीची गाडी आपल्या दमट हवेत चार महिने ताडपत्रीखाली उभी ठेवायची, आणि दसऱ्याला सेल मारून चालू झाली नाही की कंपनीला शिव्या द्यायच्या, हे बरोबर नाही. ठेवायचीच तर टाकी भरून ठेवा, आणि आठवड्याला एखादी चक्कर मारा.

समुद्राकडून आलात की गोड्या पाण्यानं गाडी धुवा, पण वायरिंगच्या जोडांवर जोराचा फवारा मारू नका. पावसाआधी जोडांना ग्रीस लावून घ्या. सर्व्हिस सेंटरमध्ये हे सांगावं लागतं, ते आपणहून करत नाहीत.

सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या मोटरसायकलींवर जीएसटी ४० टक्के झाला आणि त्याखालच्या गाड्यांवर १८ टक्क्यांवर आला. मोठी गाडी महागली, म्हणजे आहे ती लोक जास्त वर्षं वापरणार, आणि २०१७-१८ च्या हिमालयन सेकंडहँड बाजारात चांगल्या भावानं फिरणार. परत बोलावण्याच्या सात वर्षांच्या मर्यादेबाहेर त्या गेल्या आहेत. आता त्यांची काळजी मालकानं आणि मिस्त्रीनं घ्यायची. अशी गाडी कोणी मला दाखवायला आणली, तर इंजिन सुरू करायच्या आधी मी खाली वाकून ब्रेकचे नट, आरीची मुळं आणि हेडलाइटमागचे वायरचे जोड बघतो. मग मालकाला विचारतो, पावसाळ्यात गाडी कुठे उभी असायची? पुणे म्हणाला तर पुढे बोलतो. अलिबाग किंवा मुरूड म्हणाला, तर आधी भाव पाडून मागतो.