पांच डोकीं आणि कागदाचा पूल



शाळेच्या बांकावर बसल्या दिवसापासून आम्हां विद्यार्थ्यांना एक गोष्ट पक्की शिकविली जाते, ती ही कीं, शेजाऱ्याच्या पाटीकडे पाहूं नये. पाटी गेली, वही आली, पुष्कळ ठिकाणीं आतां वहीचीहि जागा पडद्यानें घेतली. पण डाव्या हाताचा आडोसा करून उत्तर लिहिण्याची संवय कांहीं सुटली नाहीं. परीक्षेंत तो आडोसा योग्यच आहे. परंतु याच विद्यार्थ्यांना त्याच वर्गांत आणि त्याच बांकांवर आतां असेंहि सांगण्यांत येतें कीं, ‘पांच पांच जणांचे गट करा आणि हें कोडें मिळून सोडवा.’ २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत सहकार्यानें काम करण्याच्या गुणाचा आवर्जून उल्लेख आहे, आणि तो वाचून कोणालाहि आनंदच होईल. मात्र बारा वर्षें जो हात झांकण्यासाठीं वापरला, तो एका तासांत उघडावा कसा, हें कोणी सांगत नाहीं.

मी पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकणारी विद्यार्थिनी आहें. पदार्थविज्ञानाचे आमचे प्राध्यापक दर पंधरवड्यास वर्गाला असें एखादें आव्हान देतात. त्यांची एक पद्धत मला फार आवडते. प्रत्येक गटाजवळ ते एक निरीक्षक बसवितात. निरीक्षकानें तोंड मिटावयाचें आणि लेखणी उघडावयाची. कोण, कितव्या मिनिटाला, काय बोललें, एवढेंच टिपावयाचें. कागदाच्या पुलाच्या दिवशीं हें काम माझ्याकडे आलें होतें. आज मी जें सांगणार आहें, तें बहुतेक त्या वहींतलें आहे.

आव्हान दिसावयास सोपें होतें. जुन्या वर्तमानपत्राचीं दहा पानें, सुतळीचा एक गुंडा आणि चाळीस मिनिटें. दोन बांकांमध्यें पन्नास सेंटिमीटरांचें अंतर. त्यावर असा पूल बांधावयाचा कीं, ज्यावर एकामागून एक पुस्तकें ठेवतां येतील. माझ्या समोरच्या गटांत वर्गांतील सर्वांत हुशार समजला जाणारा विद्यार्थी होता. त्यामुळें बाकीचे चौघे निर्धास्त झाले, आणि पहिलीं सात मिनिटें पुलाला नांव काय द्यावें या चर्चेंत सुखानें गेलीं.

मग त्या विद्यार्थ्यानें चित्र काढलें. चित्र सुरेख होतें. कागदाच्या घट्ट सुरळ्या करावयाच्या, त्यांचे चौकोनी सांगाडे बांधावयाचे आणि दोन सांगाड्यांवर आडव्या सुरळ्यांची पायवाट टाकावयाची. अकराव्या मिनिटाला गटांतील एक मुलगी म्हणाली, ‘चौकोन हलेल. मधें तिरपी सुरळी बांधूं या.’ या मुलीचे वडील मांडव घालण्याचा धंदा करितात. चार बांबू उभे केले आणि चार आडवे बांधले, तरी वारा आला कीं मांडव डुलतो. तिरपे बांबू बांधून कैची मारली म्हणजे तो ठाम उभा राहतो, हें तिनें लहानपणापासून पाहिलेलें. तिच्या बोलण्यावर कोणी ‘नाहीं’ म्हणालें नाहीं. कोणी ‘होय’हि म्हणालें नाहीं. माझ्या वहींत त्या ओळीपुढें दुसऱ्या कोणाचें उत्तर नाहीं. पुढची ओळ सुतळी कोणी कापावी याविषयीं आहे. सतराव्या मिनिटाला तिनें तेंच पुन्हां, अधिक हळू आवाजांत, सांगितलें. त्यानंतर तिच्या नांवापुढें एकहि नोंद नाहीं. तिला विरोध झाला असता तर निदान वाद तरी झाला असता, आणि वादांत तिला मांडवाची गोष्ट सांगतां आली असती.

छत्तिसाव्या मिनिटाला पूल उभा राहिला. पहिलें पुस्तक त्यानें पेललें. दुसरें ठेवतांच सारा सांगाडा एका बाजूस कलला, आणि दमलेला माणूस भिंतीला टेकून खालीं बसावा तसा सावकाश बसला. एकहि सुरळी मोडली नव्हती. हें लक्षांत घेण्यासारखें आहे. चौकोनाच्या चारी बाजूंची लांबी तीच ठेवून त्याचा आकार बदलतां येतो. तो तिरका होतो, चपटा होतो. त्रिकोणाचें तसें नाहीं. बाजू मोडल्यावांचून किंवा सांधा सुटल्यावांचून त्याचा आकार बदलत नाहीं. घरीं पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टांचण्यांनीं टोंकाशीं जोडून पाहाव्या, मग त्यांतील तीनच जोडून पाहाव्या. पुस्तकापेक्षां हें अधिक लौकर पटतें.

शेजारचा गट गोंगाटी होता. त्यांच्यांत हुशार म्हणून नांव घ्यावें असा कोणी नव्हता, आणि मला वाटतें तेंच त्यांच्या पथ्यावर पडलें. पांचव्या मिनिटालाच त्यांनीं एक ओबडधोबड पूल उभारून तो मोडला. पुढें आणखी तीन मोडले. मोडलेला प्रत्येक पूल कोणत्या बाजूस पडला हें ते खालीं वांकून पाहत होते, आणि जिकडे तो पडे तिकडे एक तिरपी सुरळी बांधीत होते. त्रिकोणाचें तत्त्व त्यांना कोणींच सांगितलें नव्हतें. तें पुलानेंच पडून पडून सांगितलें. त्यांच्या पांचव्या पुलानें सात पुस्तकें पेललीं.

जॉर्ज पोल्या या गणितज्ञाचें कोडीं सोडविण्याच्या पद्धतीवरचें एक प्रसिद्ध पुस्तक १९४५ सालीं निघालें. त्यांत त्यानें चार पायऱ्या सांगितल्या आहेत: प्रश्न समजून घेणें, बेत आंखणें, बेत पार पाडणें, आणि शेवटीं मागें वळून पाहणें. एकटा विद्यार्थी बहुधा चौथी पायरी गाळतो. गट मात्र पहिलीच गाळतो, कारण प्रश्न दुसऱ्या कोणाला तरी समजला असेलच, असें प्रत्येकाला वाटत असतें.

आतां एका निराळ्या तक्रारीकडे वळतें. ती जवळजवळ प्रत्येक घरांत ऐकूं येते. गटांत एक जण राबतो, दोघे हातभार लावतात आणि दोघे गप्पा मारतात. गुण मात्र पांचांना सारखे. ही कुरकुर क्षुद्र नाहीं. तिच्यामागें शंभर वर्षांहून अधिक जुनें संशोधन उभें आहे. रिंगेलमान नांवाच्या एका फ्रेंच कृषि-इंजिनीयरानें दोर ओढणाऱ्या माणसांचे प्रयोग केले आणि त्यांचे निष्कर्ष १९१३ सालीं प्रसिद्ध केले. एकटा माणूस जितक्या जोरानें ओढतो, त्याच्या जवळजवळ निम्म्याच जोरानें तो आठ जणांच्या रांगेंत ओढतो, असें त्याला आढळलें. यावर कोणी म्हणेल कीं, आठ जणांचे हिसके एका क्षणीं बसत नसतील, म्हणून जोर वांया जात असेल. ही शंका रास्त आहे. १९७४ सालीं अमेरिकेंत इंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ती मोठ्या युक्तीनें तपासली. माणसाचे डोळे बांधून त्याला दोराच्या पुढच्या टोंकाशीं उभें केलें, आणि मागें आणखी माणसें ओढीत आहेत असें त्याला भासविलें. प्रत्यक्षांत मागें कोणीहि ओढीत नव्हतें. तरीहि त्याचा जोर उतरला! म्हणजे कांहीं घट ताल न जुळल्यामुळें येते, पण कांहीं घट नुसत्या ‘मागें माणसें आहेत’ या कल्पनेनेंहि येते. पुढें लातने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनीं टाळ्या वाजविण्याचे व ओरडण्याचे प्रयोग केले, तेव्हांहि हेंच दिसलें. त्यांच्या १९८१ सालच्या प्रयोगांत मात्र एक आशेची गोष्ट निघाली: प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाणार आहे हें ठाऊक असलें, म्हणजे ही सुस्ती उरत नाहीं.

आपल्या खेड्यांतून सावडीनें शेतीचीं कामें करण्याची रीत होती, इर्जिकीला बैलजोड्या घेऊन गांव लोटत असे, हें आपण अभिमानानें सांगतों. तेथें दहा औतें एका शेतांत चालत. पण कोणाचें औत कोठें आहे हें बांधावरून साऱ्यांना दिसत असे. दहीहंडीच्या थरांतहि खालचा माणूस ढिला पडला तर वरच्याला तें तत्काळ कळतें. वर्गांतल्या गटाला बांध नाहीं, आणि वर चढलेलाहि कोणी नाहीं.

पण आळशी मनुष्यापेक्षां मला गप्प बसलेल्या मनुष्याची काळजी अधिक वाटते. सॉलोमन ॲश यानें १९५१ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग पुष्कळांना ठाऊक असेल. एका रेघेइतकी लांब रेघ तिघींतून निवडावयाची. प्रश्न इतका सोपा कीं, लहान मूलहि चुकूं नये. परंतु खोलींतील बाकीच्या सर्वांनीं, अगोदर ठरवून, एकच चुकीचें उत्तर दिलें, तेव्हां जवळजवळ तीन चतुर्थांश माणसें एकदां तरी त्या चुकीला मिळालीं. आणि केवळ एक जण जरी खरें बोलणारा सोबतीला मिळाला, तरी तीं इतक्या सहजासहजीं वांकेनाशीं झालीं. त्या मांडववाल्याच्या मुलीला एकच वाक्य हवें होतें: ‘ती काय म्हणते तें पुन्हां ऐकूं या.’

कागदाच्या पुलांत कांहीं कोणाचें जात नाहीं. खऱ्या पुलांत जातें. कॅनडांत सेंट लॉरेन्स नदीवर क्वेबेक येथें एक प्रचंड पोलादी पूल बांधला जात होता. सल्लागार इंजिनीयर थिओडोर कूपर हे त्या काळचे मोठे नांवाजलेले गृहस्थ. ते न्यूयॉर्कला बसून काम पाहत, आणि प्रकृति बरी नसल्यानें बांधकामावर येत नसत. मधला गाळा १६०० फुटांवरून १८०० फूट करण्यांत आला. पण वाढलेल्या पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब वेळेवर नव्यानें केला गेला नाहीं. १९०७ सालच्या ऑगस्टमध्यें खालच्या तुळया वांकूं लागल्या. एका तुळईचा बांक सुमारें दोन आठवड्यांत पाऊण इंचावरून सव्वा दोन इंचांवर गेला. जागेवरच्या माणसांना तो दिसत होता. पण तो कारखान्यांतूनच आला कीं येथें पडला, यावर त्यांच्यांत वाद चालला. काम थांबविण्याचा अधिकार आपला, असें ठामपणें म्हणणारा तेथें कोणी नव्हता. शेवटीं मॅक्लूर नांवाचा तरुण इंजिनीयर स्वतः न्यूयॉर्कला गेला. कूपरना गांभीर्य कळलें. पुलावर आणखी भार घालूं नये अशी तार त्यांनीं केली, पण ती केली पेन्सिल्वानियांतील फीनिक्सव्हिल येथें, कंपनीच्या ठिकाणीं. क्वेबेकला कोणींच कळविलें नाहीं. त्याच दिवशीं, २९ ऑगस्टला, कामाची वेळ संपत आली असतां, पूल कोसळला. पुलावर ८६ माणसें होतीं. त्यांतील ७५ मेलीं. त्यांत कानावागे वस्तीचे मोहॉक जमातीचे पोलाद-कामगार तेहतीस होते.

या गटांत बुद्धि कमी नव्हती, माहितीहि कमी नव्हती. बांक दिसणारे एकीकडे, त्याचा अर्थ समजणारा दुसरीकडे आणि हुकूम पाळणारे तिसरीकडे, अशी विभागणी होती. पूल पुढें नव्यानें बांधला गेला. १९१६ सालीं मधला भाग वर चढवितांना तो नदींत पडून आणखी तेरा माणसें गेलीं, आणि १९१७ सालीं तो एकदांचा पुरा झाला. त्या जातीच्या पुलांत त्याचा गाळा आजहि जगांत सर्वांत लांब आहे.

पुलाच्या दिवसानंतर मीं माझी वही प्राध्यापकांना दिली. अकराव्या मिनिटाची ओळ त्यांनीं दोनदां वाचली आणि कांहीं बोलले नाहींत. पुढच्या पंधरवड्याला त्यांनीं रीत बदलली. इलियट ॲरनसन या मानसशास्त्रज्ञानें १९७१ सालीं अमेरिकेंतील ऑस्टिन शहराच्या शाळांतून एक पद्धत सुरू केली होती. गोरीं, काळीं व मेक्सिकन वंशाचीं मुलें तेथें नुकतींच एका वर्गांत आलीं होतीं, आणि तंटे फार होत. ॲरनसननें पाठाचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. परीक्षेला मात्र सगळा पाठ. मग ज्याच्याकडे तुकडा आहे त्याचें ऐकल्यावांचून इतरांना गत्यंतरच उरलें नाहीं.

आमच्या प्राध्यापकांनीं महाविद्यालयाच्या पाण्याच्या टाकीची उंची काढावयास सांगितली, आणि त्यासाठीं पांचांच्या हातीं पांच निरनिराळ्या चिठ्ठ्या दिल्या. चिठ्ठी दाखवावयाची नाहीं, सांगावयाची. काठीची सावली एकाच्या चिठ्ठींत, टाकीची दुसऱ्याच्या, प्रमाणाचा नियम तिसऱ्याच्या, असें. त्या तासांत माझ्या गटांतील प्रत्येक जण बोलला, कारण न बोलून चालणारेंच नव्हतें. उत्तर मात्र नकाशांतल्या उंचीपेक्षां कमी आलें. चूक कोणाच्या चिठ्ठींत आहे हें शोधावयाला आम्हांला दोन मिनिटेंहि लागलीं नाहींत. शेवटच्या बांकावर नेहमीं पेंगणारा एक विद्यार्थी म्हणाला, ‘काठीची सावली अकराला मोजली, टाकीची साडेअकराला. मधल्या अर्ध्या तासांत सूर्य काय तेथेंच थांबला होता?’ या वेळीं चौघांनीं मान वर करून त्याच्याकडे पाहिलें, आणि दुसऱ्या दिवशीं दोन्ही सावल्या एकाच वेळीं मोजल्या गेल्या.

गुण अजून पांचांना सारखेच मिळतात. त्याविषयीं वर्गानें एक अर्ज दिला आहे. प्रत्येकाच्या नांवापुढें त्यानें काय केलें हें एका ओळींत नोंदवावें, आणि ती ओळ त्यानें स्वतः न लिहितां गटांतील दुसऱ्या कोणीं लिहावी, अशी त्यांत विनंति आहे. मांडववाल्याच्या मुलीनेंहि त्यावर सही केली आहे. अर्जाचें उत्तर अद्याप यावयाचें आहे.