बयाणा देण्यापूर्वी



जमिनीची मालकी इंटरनेटवर कशी तपासावी, यावर बोलण्यास आम्हांला सांगितले आहे. विषय रुक्ष आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतले कारकून; वकील नव्हे. पण कर्जाच्या फायली रोज हाताखालून जातात आणि एक गोष्ट वारंवार दिसते. आपला माणूस आधी घर पसंत करतो, बयाणा देतो, गावी पेढे वाटतो आणि मग कागद घेऊन बँकेत येतो. तेथे वकील कागदावर बोट ठेवतो. बँक कर्ज नाकारून मोकळी होते. बयाणा मात्र अडकतो. तो पैसा भविष्यनिर्वाह निधीतून काढलेला असतो किंवा बायकोचे डोरले मोडून आणलेला असतो.

महाराष्ट्र शासनाच्या महाभूलेख या संकेतस्थळावर सातबारा फुकट पाहता येतो. तो फक्त माहितीपुरता असतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला; त्याला पंधरा रुपये पडतात. लाखांच्या व्यवहारात पंधरा रुपये वाचवणारी माणसे आम्ही पाहिली आहेत!

आपल्या भागात पहिली अडचण गावाच्या नावाची येते. 'मीरा रोड' हे स्टेशनचे नाव. महसुली गावे वेगळी: मिरे, नवघर, भाईंदर, गोडदेव, खारी, पेणकरपाडा, घोडबंदर. दुसरी अडचण सर्व्हे नंबरची. येथील करारनाम्यात 'जुना सर्व्हे नंबर अमुक, नवा सर्व्हे नंबर तमुक' असे दोन आकडे असतात. जुना आकडा नव्याच्या जागी टाकला तर भलत्याच माणसाची जमीन समोर येते, आणि मालकाचे नाव जुळत नाही म्हणून आपण घाबरतो; किंवा त्याहून वाईट, तिथलेच एखादे नाव ओळखीचे वाटते आणि आपण निर्धास्त होतो. दोन्ही आकडे आणि हिस्सा नंबर आधी विक्रेत्याकडून लिहून घ्यावेत.

सातबारा उघडला की सगळे नाव शोधतात आणि थांबतात. आमचे म्हणणे असे की नाव शेवटी पाहावे. आधी 'भूधारणा पद्धती' पाहावी. वर्ग १ असेल तर ठीक. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विक्री होत नाही. मग 'इतर अधिकार' हा रकाना. बँकेचा बोजा, कूळ, वारसांचा हक्क, न्यायालयाची मनाई, आदिवासी जमिनीवरील ३६-अ चा निर्बंध, हे सारे तेथे असते.

या रकान्याचे मोल आपल्या शहराइतके क्वचितच कोणाला कळले असेल. १८७० साली ब्रिटिश सरकारने घोडबंदर, मिरे व भाईंदर येथील जमिनींचा पट्टा रामचंद्र लक्ष्मणजी यांना ९९९ वर्षांसाठी दिला. पुढे तो हक्क एका कंपनीकडे गेला, आणि कसणाऱ्यांच्या सातबाऱ्यावर इतर अधिकारात कंपनीचे नाव लागले. त्यावरून शेतकरी, रहिवासी, कंपनी व शासन यांचा वाद वर्षानुवर्षे चालला. दीडशे वर्षांपूर्वीचा कागद आजच्या फ्लॅटधारकाच्या दारात उभा राहतो तो असा.

आता आपल्या घरचा विषय. आपल्यापैकी अनेकांची गावाकडे वतनाची जमीन आहे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन सुधारणेचे विधेयक मांडले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने संपली आणि जमिनी शर्तीवर परत मिळाल्या. ती शर्त सातबाऱ्यावर आजही असते. परवानगीशिवाय असली जमीन कोणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नये, आणि आपल्या भावकीतील कोणी कुलमुखत्यारपत्रावर सही देत असेल तर त्याला थांबवावे. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याजवळ मुंढव्यातील सुमारे चाळीस एकर महार वतन जमिनीचा व्यवहार उघडकीस आला. दस्त रीतसर नोंदला गेला होता, पण जमीन शासनाच्या नावावर होती. दस्त नोंदला म्हणजे मालकी सिद्ध झाली, हा आपला गोड गैरसमज आहे.

फेरफार पाहायलाही विसरू नये. मालकाचे नाव कोणत्या फेरफाराने लागले, खरेदीने की वारसाने, आणि वारसाने असेल तर बहिणींची नावे कुठे गेली, हे विचारावे. नोटिशीनंतर हरकतीला पंधरा दिवस असतात. ती मुदत चालू असताना घाईने सौदा करू पाहणाऱ्याकडे संशयाने पाहणे बरे. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक दोन काढली की ती मिळकत आधी कोणाला विकली होती का ते कळते. नवी इमारत असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प, जमिनीचा कायदेशीर अहवाल आणि दावे वाचावेत. बँकांकडील गहाणाची केंद्रीय नोंद 'सरसाई'मध्ये असते; थोडे शुल्क भरून कोणालाही पाहता येते.

जुना फ्लॅट घेणाऱ्यांनी एक प्रश्न जरूर विचारावा: सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे काय? झाले नसेल तर तुम्ही भिंती विकत घेत आहात. खालची जमीन अजून बिल्डरच्या वा मूळ शेतकऱ्याच्या नावे असेल. मानीव अभिहस्तांतरणाची सोय कायद्यात आहे, पण खेटे सोसायटीलाच घालावे लागतात.

"बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे कागद चोख," असे पुष्कळांना वाटते. बँकेचा वकील साधारण तीस वर्षांचा शोध घेतो खरा, पण तो बँकेच्या पैशासाठी. स्वतःचा वकील स्वतःच करावा. संगणकावर पाहून आपण त्याला नेमके प्रश्न विचारू शकतो, इतकाच त्याचा उपयोग. आणि जागेवर कोण राहते, कुंपण कोणाचे, हे कोणत्याही संकेतस्थळावर दिसत नाही. ते चालत जाऊन, शेजाऱ्याला विचारून यावे लागते.

विद्यार्थी मित्रांना एक काम देतो. आज घरी गेल्यावर आपल्या आजोबांच्या गावचा सातबारा काढा आणि आई-वडिलांना मोठ्याने वाचून दाखवा. न समजलेले शब्द लिहून आणा. पुढच्या रविवारी आम्ही येथेच आहोत.