जुन्या गाडीतली वीज
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला आपापल्या कामाबद्दल बोलायला सांगितलंय. आपल्या तुकडीत डॉक्टर झाले, बँकेत साहेब झाले, दोघं-तिघं परदेशातून आलेत. मी चिपळुणातच राहिलो आणि गेली 34 वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय. सकाळी मैदानात तुमच्या गाड्या लागल्या तेव्हा सवयीनं नजर फिरवली. पाच-सहा गाड्या तरी पंधरा वर्षांच्या पुढच्या आहेत. एकीचा तर डावा इंडिकेटर लागला की पार्किंगचा दिवाही मिणमिणतो. कुणाची ते सांगत नाही, पण तिथूनच विषय सुचला.

गाडीच्या विजेला लोक घाबरत नाहीत, कारण 12 व्होल्टनं शॉक बसत नाही. पण हिशेब करून पाहा. घरात 60 वॉटचा बल्ब 230 व्होल्टवर पाव अँपिअर घेतो. गाडीत तोच 60 वॉटचा हेडलाइट 5 अँपिअर घेतो, म्हणजे जवळजवळ वीसपट. आणि वायर तापते ती अँपिअरनं. सेल्फ मारताना लहानशी गाडीसुद्धा शंभराच्या वर अँपिअर खेचते. बहुतेक घरांचा मेन 32 किंवा 40 अँपिअरचा असतो, आणि इथे त्याच्या तिप्पट करंट बोटाएवढ्या जाड वायरीतून जातो. बॅटरीच्या दोन टोकांवर चुकून पाना आडवा पडला, तर तो बघता बघता लाल होतो. हातात अंगठी असेल तर तिचंही तेच. म्हणून माझ्या दुकानात अंगठी आणि कडं घालून बॅटरीला हात लावायचा नाही, असा नियम आहे.

नवीन गाडीत हे सगळं बंदोबस्तात असतं. जुनी झाली की काय होतं? वायरीवरचं प्लॅस्टिक इंजिनाच्या उष्णतेनं वर्षानुवर्षं वाळतं, कडक होतं. वाकवलं की तडकतं. त्यात आपली कोकणातली हवा. कप्लर उघडावं तर आत तांब्याला हिरवा थर आणि बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी पूड. सांधा असा खराब झाला की तिथे रोध वाढतो आणि तेवढीच जागा तापते. दिवा मंद होतो म्हणून माणूस बल्ब बदलतो. बल्ब बिचारा चांगला असतो. मग कुणीतरी सल्ला देतं की 100 वॉटचा टाक. मूळ 55-60 वॉटसाठी केलेली वायर आणि स्विच त्यानं आणखी तापतात आणि डॅशबोर्डखाली प्लॅस्टिक वितळायला लागतं. जास्त उजेड हवाच असेल तर वेगळा रिले आणि बॅटरीपासून फ्यूजसकट वेगळी जाड वायर घ्यावी. पण खरं सांगू? आधी सांधे साफ करा. निम्म्या गाड्यांना त्यानंच पुरेसा उजेड येतो.

आता अर्थिंग. ही गोष्ट आपल्या विज्ञानाच्या बाईंच्या गाडीची आहे. बाई समोर बसल्यात, त्यांची परवानगी घेऊनच सांगतोय.

बाईंची गाडी 1998 ची, काकांनी घेतलेली. काका गेल्यावर बाई स्वतः चालवायच्या. लेक कराडला, म्हणून महिन्यातून एकदा कुंभार्ली घाट. एकदा दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "अरे, अ‍ॅक्सिलेटर जड लागतो, आणि गाडी सुरू करताना काहीतरी जळल्यासारखा वास येतो." दोन गॅरेजवाल्यांनी केबलला तेल सोडून दिलं होतं. मला दोन तक्रारी एकत्र ऐकूनच शंका आली. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं इंजिनाच्या धातूला, आणि सेल्फ मारायला सांगितलं. तिथे पाव व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. आला 2 च्या वर.

कारण असं. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन ते बॉडी अशी तांब्याची एक विणलेली पट्टी असते. बाईंच्या गाडीत ती गंजून तुटली होती. पण करंटला बॅटरीकडे परत तर जायचंच असतं. त्याला जी धातूची वाट मिळाली ती अ‍ॅक्सिलेटरच्या केबलची. दर वेळी सेल्फ मारला की शंभर अँपिअरच्या आसपासचा करंट त्या बारीक तारेतून जाणार. तार तापली, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळलं आणि केबल चिकटायला लागली. आता विचार करा, ही केबल घाटाच्या उतारावर दाबलेल्या जागीच अडकली असती तर. वासापेक्षा मला त्याचीच भीती जास्त वाटली.

पट्टी काहीशे रुपयांची. ती आणि केबल, दोन्ही त्याच दिवशी बदलली. वितळलेली केबल बाईंनी मागून घेतली. शेजारच्या दहावीच्या मुलांना ओहमचा नियम शिकवताना त्या ती दाखवतात, असं कळलं. आपल्याला त्यांनी तो फळ्यावर शिकवला होता, आणि मी तेव्हा शेवटच्या बाकावर असल्यानं केबल असती तर बरं झालं असतं!

तर मघाचा मिणमिणणारा पार्किंगचा दिवा. तोही अर्थिंगचाच प्रकार. एकाला परतीची वाट मिळाली नाही की करंट शेजारच्या बल्बमधून फिरून जातो. ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा लागला, तर बल्ब नंतर बघा, होल्डरची अर्थ वायर आधी बघा.

फ्यूजबद्दल एवढंच सांगतो. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. 10 चा फ्यूज पुन्हा पुन्हा जातोय म्हणून 30 चा घातला, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी गालिच्याखालची वायर जळणार. असल्या किती गाड्या मी सोडवल्या, मोजदाद नाही. नंतर बसवलेली म्युझिक सिस्टीम, अलार्म, जादा हॉर्न, बाहेरच्या माणसाकडून घातलेलं सीएनजी किट, या सगळ्यांच्या वायरी कुठून घेतल्यात ते एकदा तपासून घ्या. वायर सोलून, पीळ देऊन वर टेप मारलेली दिसली तर तिथेच संकट आहे. उन्हानं टेपचा डिंक सुटतो. सीएनजी असेल तर सिलिंडरची दर 3 वर्षांनी चाचणी लागते, ती चुकवू नका. उंदरांचं तुम्हाला सांगायला नको. ते वायरीसोबत पेट्रोलचा रबरी पाइपही कुरतडतात. ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही एकाच जागी.

जळका वास आला तर गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवा. मागे मुलं असतील तर आधी त्यांना. वायरी जळल्या की काचा आणि सेंट्रल लॉक चालेनासे होऊ शकतात, तेव्हा हाताने लॉक कसं उघडतं ते घरच्यांना आधीच दाखवून ठेवा. काच फोडायची वेळ आलीच तर बाजूच्या काचेचा कोपरा फोडा, पुढची काच फुटून पडत नाही. बॉनेटमधून धूर येत असेल तर ते पूर्ण उघडू नका, हवा लागली की भडका उडतो. तो धूर छातीत घेण्यासारखाही नसतो. सामानासाठी परत फिरू नका.

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. दुसऱ्या गाडीवरून सुरू करताना शेवटची काळी वायर बॅटरीला न लावता, लांब इंजिनाच्या धातूला लावायची, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या वायरीलाच ठिणगी उडते. आणि अल्टरनेटर तपासायला चालू गाडीचं टर्मिनल उपटणारा मेकॅनिक भेटला, तर त्याला नमस्कार करून दुसरीकडे जा.

बाईंच्या गाडीचं पुढे काय झालं ते राहिलं. 22 जुलै 2021 चा पूर आपण सगळ्यांनीच पाहिला. बाईंच्या गाडीत डॅशबोर्डपर्यंत चिखलाचं पाणी. त्या महिन्यात माझ्याकडे गाड्यांची रांग होती. धुऊन, वाळवून बऱ्याच सुरूही झाल्या. पण हार्नेसच्या आत शिरलेलं पाणी तांब्याला आतून खातं आणि सहा महिन्यांनी, वर्षानं त्रास सुरू होतो. बाईंनी विचारलं, "सुरू होईल का?" म्हटलं, "होईल. पण पूर्ण हार्नेस बदलल्याशिवाय तुम्ही या गाडीनं घाट चढावा असं मला वाटत नाही, आणि हार्नेसचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त होईल." काकांची गाडी होती, मला ते बोलणं जड गेलं. बाई दोन दिवसांनी आल्या आणि म्हणाल्या, "मोडीत दे." आता त्या एसटीनं कराडला जातात, आणि एसटीच्या हेडलाइटबद्दल मला फोन करतात.

जेवणानंतर मी मैदानात आंब्याखाली असेन. मीटर पिशवीत आहे. थंड गाडीची बॅटरी 12.6 च्या आसपास हवी, इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4. पंधराच्या वर गेली तरी सांगा आणि तेराच्या खाली राहिली तरी सांगा. डिकीतला दिवा झाकण लावल्यावर विझतो का तेही बघू. पाच वॉटचा तो बल्ब दोन दिवसांत लहान बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करतो. आणि ती इंडिकेटरवाली गाडी आधी आणा, संध्याकाळी पुण्याला जायचंय म्हणे.